लेआउटची ओपन स्पेस: समाजमंदिर, क्रिकेट, ट्रॅक की मांडव?

गोदाकाठ:
नाशिकमध्ये दोन हेक्टरचा मंजूर लेआउट. ओपन स्पेस ४० × ५० मीटर, म्हणजे २,००० चौ.मी. एका कोपऱ्यात १० × १२ मीटरची बैठी व्यायामशाळा आधीच आहे. आता तिथेच समाजमंदिराचा प्रस्ताव आलाय: तळमजला २०० चौ.मी., वर १०० चौ.मी. मुलांना क्रिकेट हवंय, ज्येष्ठांना चालायला ट्रॅक, आणि गणपतीत मांडव असतोच. हरकत कशाच्या आधारावर घ्यायची? जागेचे भाग कसे पाडायचे?

नकाशावाचक:
आधी जागेचा प्रकार पक्का करा. विकास आराखड्यातलं आरक्षण, ॲमेनिटी स्पेस (शाळा-दवाखान्यासारख्या सोयींसाठी सोडलेली जागा) आणि लेआउटमध्ये रहिवाशांसाठी मोकळी ठेवलेली १० टक्के ओपन स्पेस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मे अर्ज या गोंधळातच फसतात. आरक्षण एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम १२७ खाली व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होऊ शकतं, लेआउटची ओपन स्पेस नाही. त्यामुळे ‘मुदत संपली’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

यूडीसीपीआरनुसार (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) ओपन स्पेसवर एकूण १५ टक्केच बांधकाम चालतं, त्यातलं तळमजल्यावर १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमच्या जागेवर मर्यादा एकूण ३०० आणि तळाला २०० चौ.मी. प्रस्तावाचे आकडे नेमके तेवढेच आहेत, म्हणजे व्यायामशाळा मोजलेलीच नाही! ती धरली की तळाला ८० आणि एकूण १८० चौ.मी. उरतात. हरकतीत हा हिशेब सगळ्यात वर लिहा. शिवाय परवानगी खेळ-करमणुकीच्या वापराला असते. भाड्याने द्यायचं लग्नाचं सभागृह त्यात बसत नाही.

माहिती अधिकारात (१० रुपये, ३० दिवस) नगररचना विभागाकडून मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत आणि व्यायामशाळेची परवानगी मागवा. विनापरवाना काम सुरू झालंच तर एमआरटीपीच्याच कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस मागा. उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळुरू मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात रद्द ठरवलं होतं, तो निकाल जोडा.

मुरूम_माती:
आखणीचं सांगतो. कुंपणापासून १ मीटर आत, १.८ मीटर रुंद ट्रॅक घ्या. मध्यरेषा सुमारे १६५ मीटर भरते, सहा फेऱ्यांत जवळजवळ एक किलोमीटर. व्यायामशाळेचा कोपरा काटकोनात आत घेतला तरी लांबी तेवढीच राहते, पण वळणं गोलाकार ठेवा.

ट्रॅकच्या आत ३४ × ४४ मीटर उरतात. व्यायामशाळेच्या बाजूला १० मीटरचा पट्टा लहान मुलांना, मधे २५ मीटर खेळाला, पलीकडचे ९ मीटर झाडं आणि बाकांना. शक्य असेल तर खेळपट्टी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळी बॅट्समनच्या डोळ्यांवर ऊन येतं. मुलांच्या पट्ट्याला जाळी हवीच, आणि मैदानात फक्त टेनिस बॉल.

खेळाच्या भागावर १५ सेंमी दाबलेला मुरूम म्हणजे ४५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दबाई धरून ५५ ब्रास मागवा. मधून दोन्ही बाजूंना १:१०० उतार द्या, म्हणजे कडेला साडेबारा सेंमी कमी. हा उतार चुकला की जुलैभर तिथे तळं साचतं, मग ‘पेव्हर (फरसबंदीचे सिमेंट ब्लॉक) टाका’ अशी ओरड होते. पेव्हर अजिबात नको, पाणी मुरत नाही आणि मुळांनी ते उचकटतात. झाडं करंज, कडुनिंब, बहावा, एक मीटर घनाच्या खड्ड्यात. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, तो मुलांपासून दूर ठेवा.

कुंपण:
वरच्या हिशेबात एक भर. लेआउट जुना असेल तर मंजुरीच्या वेळचे नियम आणि मंजुरीपत्रातल्या अटीही पाहा. सातबाराही काढा. मूळ मालकाचं नाव तसंच राहिलं असेल, तर पुढेमागे तुकडा विकला जाण्याचा धोका खरा आहे. इतर हक्कांत ‘ओपन स्पेस’ अशी नोंद करून घ्या.

मांडवासाठी खड्डे खणू देऊ नका. दाबलेला मुरूम एकदा फुटला की भरून पुन्हा सारखा बसत नाही, तिथेच खळगा पडतो आणि मुलांचे पाय मुरगळतात. खांब वाळू भरलेल्या ड्रममध्ये उभे करायचे, अनामत आधी घ्यायची, आणि मांडव उतरल्यावर रोलर फिरवून जागा तपासल्याशिवाय अनामत परत द्यायची नाही. रोजच्या फाटकात ९० सेंमी मोकळे ठेवा, व्हीलचेअर जाते. दुचाकी अडवायला आत आडवा कठडा लावा, पण व्हीलचेअर वळेल एवढी जागा सोडून. टँकरसाठी साडेतीन मीटरचं वेगळं फाटक, कुलूप लावून.

गोदाकाठ:
व्यायामशाळा धरलीच नव्हती, हे लक्षातच आलं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज उद्या टाकतो. व्यायामशाळेचीच परवानगी निघाली नाही, तर १५ टक्क्यांत ती धरायची का?

नकाशावाचक:
धरायचीच. जागा तर तिने व्यापलीच आहे. आधी ती नियमित करा किंवा पाडा, नव्या बांधकामाचं नंतर बघू, अशीच मागणी लेखी करा.