हायब्रिडच्या थकलेल्या बॅटरीत अपघाती गाडीतले नवे सेल घालावेत का?

कन्नडघाट (चाळीसगाव)
पुण्या-मुंबईत पहिल्या मालकाने वापरलेल्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या, गाड्या आता आपल्याकडे बऱ्याच आल्या आहेत. इंजिन ठणठणीत, बॉडीला गंज नाही, आणि एक दिवस डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटतो. स्कॅनर लावला की पी०ए८० कोड येतो, म्हणजे मोठी बॅटरी संपली. सर्व्हिस सेंटर पूर्ण पॅक, म्हणजे ती अख्खी बॅटरी, बदलायला सांगतं. तो आकडा ऐकून माणूस चालती गाडी भंगाराच्या भावात काढतो. मला हे पटत नाही.

पॅक म्हणजे एक अखंड ठोकळा नसतो. प्रियसमध्ये २८ मॉड्यूल असतात, कॅमरी हायब्रिडमध्ये ३४. प्रत्येकात १.२ व्होल्टचे सहा निकेल-मेटल हायड्राइड सेल, म्हणून एक मॉड्यूल ७.२ व्होल्टचं आणि साडेसहा अँपिअर-अवरचं (किती वीज साठते त्याचं माप). गॅरेजवाले त्यालाच सेल म्हणतात. सगळी एका माळेत जोडलेली असल्यामुळे दोन-तीन मेली की गाडीचा कॉम्प्युटर सगळा पॅकच बाद धरतो. बाकीच्यांत जीव असतो. अपघातात पुढून चेपलेल्या, पण वयाने लहान गाडीचा पॅक मागे सुरक्षित राहतो. त्यातले तपासलेले मॉड्यूल घेऊन आपले थकलेले बदलले, तर गाडी आणखी काही वर्षं चालते आणि चांगला माल वाया जात नाही. माझ्या गाडीत असंच केलंय. कन्नडच्या घाटात भरल्या गाडीने चढताना आता त्रिकोण येत नाही. ज्यांना हे चुकीचं वाटतं त्यांनी कारणासकट लिहावं.

भुसावळ_वर्कशॉप
दादा, माझा विरोध आहे, आणि तो हातात काम घेऊन झालेला विरोध आहे. म्हाताऱ्या बैलाशेजारी खोंड जुंपला तर गाडी खोंडाच्या चालीने चालत नाही. माळेतून सगळ्यांमधून सारखाच करंट जातो. नव्या मॉड्यूलमध्ये साडेपाच अँपिअर-अवर शिल्लक, जुन्यात साडेतीन, तर पॅक साडेतीनचाच. घाटात जुने आधी रिकामे होतात, उतारावर आधी भरतात आणि मग तापतात. नवे मात्र मधेच लोळत राहतात. तुम्ही दोन बदलले, सहा-आठ महिन्यांनी शेजारचे दोन पडतात, आणि गिऱ्हाईक परत माझ्या दारात. बदलायचं तर एकाच गाडीतून उतरलेला पूर्ण संच घाला. तुकडे जोडू नका.

आणि भुसावळ-जळगावचा मे महिना विसरू नका. पारा ४५ च्या वर. हा पॅक केबिनची हवा ओढून थंड होतो. गाडी दिवसभर उन्हात उभी असेल तर ती हवाच भट्टीची असते.

कन्नडघाट
भाऊ, माळेचा हिशोब मान्य. पण कॉम्प्युटर पॅक कधीच पूर्ण भरत नाही की पूर्ण रिकामा करत नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधे खेळवतो. त्यामुळे सगळे मॉड्यूल काटेकोर सारखे नसले तरी चालतात, फक्त फरक मर्यादेत हवा. म्हणून मी नुसते मेलेले बदला असं म्हणत नाही. सगळे उतरवा, प्रत्येकाला तीन वेळा चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता मोजा, जवळपासच्या आकड्यांचे एकत्र ठेवा, तळाचे काढा. शेवटी सगळे समांतर जोडून एका पातळीवर आणा आणि मगच माळ लावा. पूर्ण संचाचं म्हणाल, तर अपघाती गाडीचा पूर्ण संचसुद्धा न मोजता बसवला तर तो जुगारच.

सुरत_हायवे (धुळे)
मी प्रवासी नेतो, म्हणून माझं गणित वेगळं. या गाड्यांत वेगळा स्टार्टर नसतो, वीज बनवणारा अल्टरनेटरही नसतो. इंजिन सुरू करायलाही हीच मोठी बॅटरी लागते. म्हणजे ती गेली की अ‍ॅव्हरेज कमी झालं, चला पेट्रोलवर जाऊ, असं होत नाही. गाडी जागेवर उभी. नवापूरच्या पुढे रात्री कुटुंब बसलेलं असताना ही जोखीम मी घेणार नाही. धंद्याच्या गाडीला वॉरंटीचा नवा पॅकच. घरच्या गाडीला ज्याचं त्याने ठरवावं.

अमळनेरकरीण
मी इलेक्ट्रिकल शिकवते. इथे क्षमतेवर सगळे बोललात, जिवावर कोणीच नाही, म्हणून लिहिते. पॅक दोनशे व्होल्टच्या वरचा डीसी आहे. नारिंगी हँडलचा सर्व्हिस प्लग काढला की माळ मधे तुटते, पण दोन्ही बाजूंच्या तुकड्यांत जिवावर बेतण्याइतके व्होल्ट शिल्लकच असतात. बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरमधले कपॅसिटर वीज साठवून धरतात, ती उतरायला दहा मिनिटं थांबावं लागतं. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे हवेत, अंगठी-कडं काढलेलं हवं, आणि शेजारी दुसरा माणूस हवा. व्हिडिओ बघून अंगणात पॅक उघडणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगते, नका करू. आतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा असतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

दुसरं, बोलणं निकेलच्या पॅकचं चाललंय हे लक्षात असू द्या. हायरायडर, ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये लिथियम आहे. निकेलचा सेल थोडा जास्त चार्ज झाला तर ती ऊर्जा उष्णतेत जाते. लिथियम तेवढीही चूक पोटात घेत नाही. तिथे अशी सरमिसळ अजिबात नको.

केळीवाला_रावेर
ताईंचं खरं शे. पन भो, नवा पॅक ज्याले परवडस त्यानी गाडी दहा वर्सं जुनी घेतलीच नसती ना. जे विचारलं ते सांगा : अपघाती गाडीतला माल घेताना बघायचं काय?

भुसावळ_वर्कशॉप
सांगतो, विरोध कायम ठेवून. गाडीचं साल विचारून भागत नाही, गाडी यार्डात किती दिवस पडून होती ते विचारा. रिकामा होऊन दोन पावसाळे पडलेला तीन वर्षांचा मॉड्यूल चालत्या गाडीतल्या आठ वर्षांच्या मॉड्यूलपेक्षा वाईट निघू शकतो. फुगलेला नको, टोकाला पांढरी-हिरवी बुरशी आलेला नको. हेडलाइटचा बल्ब लावून दोन मिनिटांत व्होल्टेज कोसळलं तर तिथेच परत करा. पण बल्बावर टिकला म्हणजे चांगला, असं नाही. क्षमता मोजूनच घ्यावी. जोडताना तांब्याच्या पट्ट्या घासून साफ करा, नाहीतर रीडिंग खोटं येतं. दोन्ही टोकांच्या प्लेट आवळून मगच चार्जिंग. मोकळा मॉड्यूल चार्ज केला तर फुगतो.

आणि मागच्या सीटशेजारची जाळी काढून पॅकला हवा देणारा पंखा झाडा. आपल्याकडची धूळ आणि सरकीचा कापूस तिथे बसतो. मागच्या सीटवर पिशव्या टाकून जाळी झाकणारे तर कितीतरी.

अमळनेरकरीण
काढलेले मॉड्यूल भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवेत. आत निकेल आहे, त्याला किंमत येते.

कन्नडघाट
हातमोजे आणि पंख्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. धंद्याच्या गाडीचंही मान्य. तुकडे जोडू नका, हे मात्र अजून मान्य नाही. मोजून, जुळवून जोडलेला पॅक टिकतो, हे माझं मत मी सोडत नाही.

भुसावळ_वर्कशॉप
मग असं करा दादा. कॉम्प्युटर दोन-दोन मॉड्यूलची जोडी धरून व्होल्टेज दाखवतो. मे महिन्यात दुपारी, एसी चालू, चार माणसं बसवून घाट चढा आणि सगळ्या जोड्यांचं रीडिंग इथे टाका. सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या जोडीतला फरक किती येतो ते बघू. मी माझ्याकडच्या पूर्ण संचाच्या गाडीचं टाकतो.