भोरगिरी–भीमाशंकर वाटेवर ग्रॅव्हल सायकल : मदत हवी आहे

नमस्कार. पावसाळा ओसरल्यावर पुण्याहून राजगुरुनगर, वाडा मार्गे भोरगिरीपर्यंत सायकलने जाऊन पुढे रानवाटेने भीमाशंकर गाठण्याचा आमचा विचार आहे. माझ्या ग्रॅव्हल सायकलला (डांबरी रस्त्याबरोबरच कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या सायकलला) ४० मिमी रुंदीचे टायर आहेत, पण सस्पेन्शन नाही. त्यामुळे शेवाळलेले दगड आणि पाचोळ्याखाली दडलेली मुळे असलेल्या चढावर सायकल किती अंतर चालवता येईल आणि किती अंतर खांद्यावर घ्यावी लागेल, हे तिथे अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न परवानगीचा आहे. हे जंगल १९८५ पासून अभयारण्य असून शेकरूचे हक्काचे घर आहे, तेव्हा वनविभागाने या वाटेवर सायकलला मनाई केली असेल तर आम्ही डांबरी रस्त्यानेच जाऊ. चाकांनी ओल्या मातीत चर पाडून वाट खराब करणे मला अजिबात मान्य नाही. परवानगी कोणत्या कार्यालयात, किती दिवस आधी मागावी लागते? तसेच, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, चासकमान धरणाच्या परिसरात, गावांना जोडणारे कच्चे रस्ते कोणाला माहीत असल्यास तेही कळवावेत.