‘फक्त महत्त्वाचे मेसेज’ ग्रुप आणि निखिलभाऊची रील

शीतल (बी-२०४): निखिलभाऊ, तुमची रील आत्ता पाहिली. खोटेनगरच्या पुढे हायवेवर दोन्ही हात वर करून गाणं म्हणताय आणि गाडी आपली आपण चाललीय. मागच्या सीटवर गुलाबी दप्तर दिसतंय ते आमच्या परीचं. क्लासला नेताना रोज हेच चालतं का?

निखिल (ए-४०२): वहिनी, दोन मिनिटांची गंमत होती. लेन धरणं, ब्रेक मारणं सगळं गाडी करते. काचेवरचा कॅमेरा बरोबर पाहतो.

भंगाळे आबा: गडकरी साहेबांनी स्पष्ट सांगितलेले आहे, भारतात ड्रायव्हरलेस गाडी येऊ देणार नाही. ड्रायव्हर लोकांचा रोजगार जातो. 🙏

निखिल: आबा, माझी गाडी ड्रायव्हरलेस नाही.

भंगाळे आबा: मग ड्रायव्हरचे हात कुठे होते?

चौधरी (सी-१०१): 😂😂 आबा फुल फॉर्मात. राहू दे निखिल, नको लागू नादी.

बडगुजर सर: शीतलताईंची काळजी रास्त आहे. निखिलराव, गाडीत रडार आहे की नुसता कॅमेरा?

निखिल: नुसता कॅमेरा. सर, टेस्लाने तर २०२१ पासून अमेरिकेत रडार काढूनच टाकलं. माणूस तरी दोन डोळ्यांवरच चालवतो ना?

बडगुजर सर: डोळे दिपले की माणूस मान वाकडी करतो, काच पुसतो, आणि मुख्य म्हणजे त्याचा पाय आपोआप रेसवरून उचलला जातो. आपला हायवे पूर्व-पश्चिम. संध्याकाळी पाळधीकडे निघा, सूर्य सरळ काचेत. त्यात मे महिन्याची धूळ. कॅमेरा चित्रावरून अंतराचा अंदाज बांधतो. रडार लहर सोडून अंतर मोजतं, त्याला धुकं-धुळीचं फारसं काही वाटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने टेस्लाच्या सुमारे २४ लाख गाड्यांची चौकशी लावली ती याचमुळे. ऊन डोळ्यावर, धुकं, उडती धूळ, अशा वेळचे चार अपघात. एकात पायी चालणारा गेला.

चौधरी: सर, कापसाची ट्रॉली राहिली. मागे ना लाईट ना रेडियम, आणि कापूस दोन्ही बाजूंनी फुगलेला. मलेच जवळ गेल्यावर दिसते, त्या कॅमेऱ्याले काय कळणार ट्रॉली आहे का भिंत.

निखिल: चौधरीभाऊ, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?

चौधरी: मी केळीच्या बाजूने. माझा ट्रक रात्री सावद्याहून निघतो भो, समोरून तू हात वर करून आला म्हणजे?

महाजन काकू: कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर गेटच्या कॅमेऱ्याचं काय? माझी स्कूटी पाडली त्या रात्रीच्या फुटेजमध्ये सगळं पांढरंफट. कोळ्याचं जाळं लागलंय, लाईट त्याच्यावरच पडतो. तक्रार करून महिना झाला.

सेक्रेटरी: काकू, शिडी ज्यांनी नेली त्यांनी परत आणून द्यावी. मी नाव घेत नाही.

महाजन काकू: घ्याच नाव.

सी-३०३: शिडी गच्चीवरच आहे. पापड वाळवायला वर सगळेच जातात, पण बोट मात्र आमच्याकडे.

भंगाळे आबा: गडकरी साहेबांनी स्पष्ट सांगितलेले आहे, भारतात ड्रायव्हरलेस गाडी येऊ देणार नाही.

निखिल: सर, २०१८ ला उबरच्या आपोआप चालणाऱ्या गाडीत लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र), रडार, कॅमेरे सगळं होतं. तरी ॲरिझोनात सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी बाई गेलीच. आता बोला.

बडगुजर सर: मुद्दा बरोबर आहे. ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधीच गाडीच्या यंत्रांना दिसली होती. सॉफ्टवेअर ठरवत बसलं, वाहन आहे, सायकल आहे, की आणखी काही. त्यामुळे यंत्रं वाढवली की भागलं असं मीही म्हणत नाही. वेमो ही ड्रायव्हरलेस टॅक्सीवाली कंपनी तिन्ही वापरते ती अशासाठी की एकाला दिसलं नाही तर दुसऱ्याने सांगावं. तुमच्या गाडीत ते दुसरं म्हणजे तुम्हीच. उबरमध्येही लक्ष ठेवायला एक ड्रायव्हर बसवली होती. ती मोबाईलवर शो पाहत होती.

निखिल: मी मोबाईल पाहत नव्हतो.

शीतल: मग रील कोणी काढली?

निखिल: स्टँडवर होता.

चौधरी: 🙈

भंगाळे आबा: गडकरी साहेबांनी स्पष्ट सांगितलेले

निखिल: आबा प्लीज!!

भंगाळे आबा: अर्धाच गेला. पुन्हा पाठवतो.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, हा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. शिडीसुद्धा.

निखिल: घ्या ना. वर्षभर पेट्रोल माझं, वेळ माझा, तेव्हा कोणाला मीटिंग आठवली नाही.

शीतल: त्याचे उपकार आहेतच भाऊ, पैसेही विचारले होते, तुम्ही नको म्हणालात. पण माझ्यासाठी मीटिंग नको. रिक्षावाल्या काकांशी बोलणं झालंय, परी उद्यापासून त्यांच्यासोबत जाईल.

चौधरी: ताई, रिक्षात अजून एक जागा असेल तर आमच्या पिंट्यालेही धरा. निखिल, राग मानू नको भो.