'स्टार्टअप स्क्रिप्ट'ला मराठीत काय लिहावं?

नवा_अनुवादक: क्लाउडवरचे सर्व्हर आपोआप उभे करण्याच्या पुस्तिकेचं मराठी करतोय. 'स्टार्टअप स्क्रिप्ट'ला, म्हणजे सर्व्हर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीला, 'प्रारंभ-संहिता' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी काट मारली, वर शेरा: 'संहिता नाटकाची असते.' मग काय लिहू?

कानामात्रा: बाईंना आचारसंहिता, दंडसंहिता कधी भेटल्या नाहीत वाटतं. सम् + धा, एकत्र मांडलेलं ते संहित. आज्ञा ओळीखाली ओळ मांडल्या की झाली संहिता.

टर्मिनलकर: आणि 'कोड'ला काय म्हणणार? तीही संहिताच. म्हणजे 'स्क्रिप्टचा कोड' ही संहितेची संहिता! आम्ही सगळे स्क्रिप्टच म्हणतो, कुणाचं अडत नाही.

कानामात्रा: अडत नाही म्हणून शब्द घडवायचेच नाहीत? 'संगणक' रुळलाच ना?

टर्मिनलकर: कागदावर.

वेलांटी: भांडण संहितेवर, घोळ मात्र 'प्रारंभ'मध्ये आहे. ॲमेझॉनच्या ईसीटू या भाड्याच्या सर्व्हरसेवेत यूजर डेटात (मशीन घेताना भरायच्या रकान्यात) दिलेली स्क्रिप्ट एरवी फक्त पहिल्या बूटला, म्हणजे मशीन पहिल्यांदा सुरू होताना, चालते. गूगल क्लाउडची स्टार्टअप स्क्रिप्ट दर बूटला चालते. दोन्हींना एकच शब्द दिलात तर कुणीतरी दर रीस्टार्टला डेटाबेस पुसून नव्याने मांडत बसेल. पहिलीला 'पायाभरणी' म्हणा, दुसरीला 'आरंभ'.

टर्मिनलकर: हे पटलं. पण क्लाउड-इनिट या नवं मशीन मांडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या एकाच फाइलीत दोन्ही नांदतात: रनसीएमडीखालच्या आज्ञा पहिल्याच बूटला, बूटसीएमडीखालच्या दर वेळी. शिवाय मशीन नवं की जुनं, हे तो प्रोग्रॅम इन्स्टन्सच्या (म्हणजे त्या मशीनच्या) आयडीवरून ठरवतो. मशीनची इमेज (हुबेहूब प्रत) काढून तिच्यावरून दुसरं मशीन केलं की पायाभरणी पुन्हा!

नवा_अनुवादक: बरं, हे वाक्य चालेल? 'प्रारंभ-संहिता मूळ वापरकर्ता म्हणून धावते. मध्येच प्रश्न विचारला गेल्यास उत्तर द्यायला कोणी नसते.'

जुना_लिपिक: 'धावते' नको, 'चालते'. 'मूळ वापरकर्ता' वाचून पहिलं गिऱ्हाईक वाटतं. रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) हाच शब्द ठेवा, म्हणजे पुढे 'सूडो (रूटचे अधिकार मागणारी आज्ञा) लागत नाही' हेही कळेल. बाकी 'सर्व्हर उभा करणे' झकास आहे. पण तो बंद पडला की तुम्ही मंडळी काय म्हणता?

टर्मिनलकर: झोपला.

वेलांटी: पार बंद तो पडला. पिंगला ('आहेस का?' या हाकेला) ओ देतो पण पान उघडत नाही, तो बसला.

जुना_लिपिक: बसतो तो घसा आणि धंदा. सर्व्हर कसा बसेल?

वेलांटी: उभा राहतो तसाच.