तातडीची मदत हवी: वायफायच्या लॉगने डिस्क भरतेय

बिनतारी (मंगळवार, रात्री ९:४२)
लॅपटॉपवर लिनक्स आहे. कालपासून डिस्क फुल. शोधलं तर सिसलॉग ही सिस्टिमच्या नोंदींची एकच फाइल १९ जीबी! उघडायला गेलो तर एडिटरच लटकला. फाइल उडवली, तरी जागा मोकळी झाली नाही. त्यात एकच रेकॉर्ड अडकल्यासारखी ओळ येते: 'पीसीआयई बस एरर, सिव्हेरिटी करेक्टेड, टाइप फिजिकल लेयर'. वायफाय बंद केलं की गप्प, चालू केलं की सुरू. नेट चालतंय. मदरबोर्ड गेला का? उद्या ११ ला ताईचा ऑनलाइन इंटरव्ह्यू याच लॅपटॉपवर आहे, लवकर सांगा.

जुनाजाणता
कुठलं लिनक्स? कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठला? वायफाय कार्ड कुठलं?

बिनतारी
मिंट. वायफाय आतलंच आहे, वेगळं नाही लावलेलं.

जुनाजाणता
तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर आलं, तेही अर्धं.

डोंगलदास
कशाला एवढं डोकं लावताय? यूएसबी डोंगल घ्या, आतलं कार्ड बायोसमधून बंद करा. मी तेच केलं.

कोकणी_कर्नल
@डोंगलदास, तुमचा डीमेसेज (कर्नलचे मेसेज) कधी बघितलाय का? बऱ्याच डोंगलचा बाहेरून टाकलेला ड्रायव्हर 'आरटीडब्ल्यू:' अशा ओळींचा नुसता सडा घालतो. त्याची लॉग लेव्हल हाताने खाली आणावी लागते. आगीतून फुफाट्यात.

अनघा_पु
जागा का सुटली नाही ते आधी. तू फाइल उडवलीस, पण लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉगने ती उघडीच धरलीय. नाव गेलं, जागा अडलेलीच. आरसिसलॉग रीस्टार्ट कर. पुढच्या वेळी आरएमने उडवू नको, फाइल नुसती रिकामी कर: सुडो ट्रंकेट -एस ० /व्हार/लॉग/सिसलॉग. आणि शेजारची कर्न डॉट लॉग पण बघ, कर्नलचे मेसेज दोन्हीकडे लिहिले जातात.

बिनतारी
ताई, तुमची ओळ तशीच पेस्ट केली. 'कमांड नॉट फाउंड' म्हणतोय.

अनघा_पु
अरे बाबा, मी मोबाइलवरून मराठीत लिहिलंय. टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप कर.

बिनतारी
😅 झालं. कर्न डॉट लॉगही १८ जीबी होती. ३७ जीबी सुटले. पण एवढ्यात परत ६० एमबी झाली.

सोसायटी_सेक्रेटरी
वायफाय स्लो असेल तर राउटरमध्ये चॅनेल बदलून बघा. २.४ गिगाहर्ट्झला १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे ६ वर बसलेत.

बिनतारी
काका, स्लो नाहीये.

टर्मिनलवेडा
ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) फाइलमध्ये क्वायट स्प्लॅशच्या पुढे पीसीआय=नोएईआर लिही, अपडेट-ग्रब, रीबूट. दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे तीन वर्षं असंच चाललंय.

जुनाजाणता
त्याने चूक थांबत नाही, चूक कळवणं थांबतं. आणि करेक्टेडबरोबर अनकरेक्टेडही कळायच्या बंद होतात. एसएसडीसुद्धा पीसीआयईवरच (कार्डांना बोर्डाशी जोडणारी लाइन) असेल, तिच्या लिंकला खरंच काही झालं तर?

टर्मिनलवेडा
तीन वर्षांत काही झालं नाही. त्याच्या बहिणीचा उद्या इंटरव्ह्यू आहे, तुम्ही त्याला पीएचडीला बसवताय.

कोकणी_कर्नल
मदरबोर्ड वगैरे काही गेलेला नाही. करेक्टेड म्हणजे हार्डवेअरनेच निस्तरलेली चूक, डेटा कुठे जात नाही. बहुतेक वेळा भानगड एएसपीएमची असते. वायफायला काम नसलं की वीज वाचवायला लिंक झोपते, पॅकेट आलं की उठते. काही चिप आणि बोर्डांच्या जोडीत हे झोपणं-उठणं धड होत नाही, आणि दर वेळी एक ओळ. म्हणून त्या एका कार्डाचं एएसपीएम बंद करायचं. कार्ड रियलटेकचं ८८२१सीई असेल तर मॉडप्रोब डॉट डी (ड्रायव्हरच्या सेटिंगचा फोल्डर) मध्ये एक फाइल करून लिही: ऑप्शन्स आरटीडब्ल्यू_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=वाय.

विजेचा_वैरी
पीसीआयई_एएसपीएम=ऑफ टाका ना सरळ, सगळ्याचंच बंद.

कोकणी_कर्नल
नावावर जाऊ नका. ऑफ म्हणजे कर्नल एएसपीएमला हातच लावत नाही. बायोसने चालू करून ठेवलं असेल तर ते चालूच राहतं. खरंच बंद करायचं तर पॉलिसी परफॉर्मन्स करावी लागते, मग बॅटरीच्या नावाने ओरडू नका.

बिनतारी
@कोकणी_कर्नल, केलं, रीबूटही केलं. काही फरक नाही 😡

अनघा_पु
ते नाव चुकलंय. कर्नलमधल्या मॉड्यूलचं (ड्रायव्हरचा तुकडा) नाव आरटीडब्ल्यू८८_पीसीआय. मॉडप्रोब चुकीच्या नावाबद्दल चकार शब्द काढत नाही. पण त्याआधी कार्डांची यादी देणारं एलएसपीसीआय -एनएनके चालव आणि वायफायचा पूर्ण तुकडा इथे टाक. दीड तास झाला, आपण अंदाजावरच चाललोय.

बिनतारी
[१०ईसी:सी८२१]. कर्नल ड्रायव्हर इन यूज: आरटीएल८८२१सीई. मिंट २१.३, कर्नल ५.१५.

जुनाजाणता
आता कळलं! हा कर्नलमधला ड्रायव्हरच नाही. कर्नलमधला असता तर नाव आरटीडब्ल्यू ने सुरू झालं असतं. हा बाहेरून डीकेएमएसने (दर कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारं साधन) टाकलाय. मग आरटीडब्ल्यू८८ चे ऑप्शन कितीही लिही, वाचणार कोण?

बिनतारी
ओह. २०२० मध्ये लॅपटॉप घेतला तेव्हा वायफाय दिसत नव्हतं, मामेभावाने गिटहबवरून काहीतरी टाकलं होतं. सांगायचं राहिलं.

जुनाजाणता
'सांगायचं राहिलं'! या चिपचा आधार कर्नलमध्ये ५.९ ला आला, म्हणून तेव्हा ते लागलं. आता गरज नाही. पण आज रात्री काढू नकोस. काढताना वायफायच गेलं तर इंटरव्ह्यू कशावर? आजच्यापुरतं नोएईआर टाक. हो, मीच म्हणतोय.

टर्मिनलवेडा
🙏 स्क्रीनशॉट घेतलाय.

मराठी_माणूस
'लॉग'ला 'नोंदवही' म्हणायला काय हरकत आहे?

कोकणी_कर्नल
१९ जीबीची नोंदवही कोण वाचणार?

बिनतारी (बुधवार, संध्याकाळी ७:१०)
इंटरव्ह्यू झाला, नेट एकदाही तुटलं नाही. नंतर डीकेएमएसवाला काढला आणि वायफायच गायब! अर्धा तास घाम फुटला. मॉडप्रोब डॉट डी मध्ये भावाच्या वेळची ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई अशी ओळ होती, ती काढल्यावर आलं. एएसपीएमचा ऑप्शन बरोबर नावाने टाकला. तासभर झाला, लॉग शांत.

जुनाजाणता
ग्रबमधलं नोएईआर काढलंस का? नाहीतर शांतता कशामुळे आहे ते कळणार नाही. आणि सिस/मॉड्यूल खाली त्या मॉड्यूलच्या पॅरामीटर्समध्ये डिसेबल_एएसपीएम कॅट करून बघ, वाय यायला हवं.

बिनतारी
वाय आहे. नोएईआर आत्ता काढलं. रीबूट करून चाळीस मिनिटं झाली, ती एररची ओळ एकदाही नाही. सिसलॉग १ एमबीच्या आत. पण मधूनच एक नवीन ओळ येते: 'फर्मवेअर फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट'. तीन वेळा आली.

अनघा_पु
तो या ड्रायव्हरचा नेहमीचा आजार, तीही वीज वाचवण्याचीच खोड. त्याच फाइलमध्ये खाली: ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोअर डिसेबल_एलपीएस_डीप=वाय. इंग्रजी अक्षरांत!

बिनतारी
तीनच ओळी आहेत, राहू देत. ताई लॅपटॉप मागतेय.

डोंगलदास
कुठलं डोंगल घेतलं शेवटी?