‘थिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मध्ययुगीन नॉर्वेवरील लेखाचे भाषांतर करताना ‘गुलाथिंग’, ‘फ्रोस्टाथिंग’ अशी प्रांतिक सभांची नावे वारंवार येतात. त्यांतील ‘थिंग’साठी ‘संसद’ लिहावे, की आपली ‘गोतसभा’ चालेल?

उत्तर : ‘संसद’ कृपया टाळावे. संसद कायदे करते आणि खटले न्यायालयात चालतात. थिंगमध्ये मात्र स्वतंत्र पुरुष एकत्र जमून कायदाही ठरवत आणि तंटेही तिथेच तोडत. निर्णयाला संमती देताना ते शस्त्रे उंचावत किंवा एकमेकांवर आपटत, आणि या रीतीला ‘वाप्नताक’ असे नाव होते. एगिलच्या सागेत (‘सागा’ म्हणजे आइसलँडमधील मध्ययुगीन गद्यकथा) गुलाथिंगच्या न्यायसभेचे जे वर्णन येते, ते मला फार मोलाचे वाटते : सपाट जागेवर हेझल नावाच्या झाडाच्या काठ्या रोवून त्यांना दोर बांधलेले, आणि त्या कड्याच्या आत तीन प्रांतांतून प्रत्येकी 12 असे 36 न्यायकर्ते बसलेले. नॉर्वेची राणी गुनहिल्ड हिच्या सांगण्यावरून तिची माणसे दोर कापतात, काठ्या मोडतात आणि न्यायसभा उधळली जाते. ते दोर पवित्र मानले जात, हे ध्यानात घेतले की त्या कृत्याचे गांभीर्य कळते.

‘गोतसभा’ अर्थाने बरीच जवळ आहे. मात्र तिच्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आपापल्या वतनाच्या नात्याने बसत आणि तिचे काम मुख्यत्वे निवाड्याचे व त्याचा महजर, म्हणजे लेखी निवाडपत्र, करून देण्याचे असे. शिवाय ‘गोत’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात सोयरेधायरे उभे राहतात. म्हणून मूळ शब्द ‘थिंग’ असाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाशी ‘प्रांतसभा’ असा खुलासा जोडावा.

पुरवणी : वरील मताशी मी सहमत आहे, फक्त शब्दाच्या अर्थप्रवासाची नोंद करावीशी वाटते. इंग्रजीतील ‘थिंग’ म्हणजे वस्तू, हा याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे. आधी सभा, मग सभेपुढचा विषय, मग कोणतीही बाब, असा त्याचा अर्थ सरकत गेला. आपल्याकडे संस्कृत ‘गोष्ठी’ म्हणजे मेळावा व तिथले संभाषण. त्यातूनच मराठी ‘गोष्ट’ आली, आणि आज ‘ही गोष्ट वेगळी’ म्हणताना त्या मेळाव्याची कोणाला आठवणही होत नाही. नॉर्वेच्या ‘स्टूरटिंग’ आणि डेन्मार्कच्या ‘फोल्केटिंग’ या आजच्या विधिमंडळांच्या नावांत मात्र सभेचा जुना अर्थ अजून टिकून आहे. त्यांना ‘संसद’ म्हणायला हरकत नाही.