झिओलाइट इलेक्ट्रोड: चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन आत मिळतो की बाहेर आल्यावर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एमएस्सी फिजिकल केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. झिओलाइट (बारीक पोकळ्यांचा, ऋण भाराचा सांगाडा आणि तो भार सांभाळणारे कॅटायन, म्हणजे धन आयन, असलेला पदार्थ) मिसळलेल्या कार्बन पेस्ट इलेक्ट्रोडवर प्रोजेक्ट चालू आहे आणि एका प्रश्नावर गाडी अडलीय.

झिओलाइट ए (कृत्रिम, आपल्याकडच्या खाणींतले नैसर्गिक झिओलाइट स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट देखणे खरे, पण त्यांची रचना वेगळी) सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवून त्यातल्या सोडियमच्या जागी चांदीचे आयन आणले. ही पावडर, ग्राफाइट आणि मिनरल ऑइल खलात घोटायचं, सिरिंजच्या टोकात दाबून भरायचं, बटर पेपरवर घासून गुळगुळीत करायचं.

सोडियम नायट्रेटच्या द्रावणात व्होल्टेज बदलत करंट मोजला की रिडक्शनचा (चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळण्याचा) पीक झकास येतो. त्याऐवजी टेट्राब्युटिलअमोनियम नायट्रेट घेतलं की आलेख जवळजवळ सपाट. एवढा मोठा कॅटायन झिओलाइटच्या पोकळीच्या साधारण ०.४ नॅनोमीटरच्या खिडकीतून आत जाऊच शकत नाही.

सर म्हणतात, "अदलाबदल थांबली, चांदी बाहेर आली नाही, म्हणून करंट नाही. म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेरच मिळतो."

मला हे पटत नाहीये. समजा आयनाला पोकळीतच इलेक्ट्रॉन मिळाला. त्याचा धन भार गेला, सांगाड्याचा ऋण भार तसाच राहिला. तो सांभाळायला बाहेरून कॅटायन आत यायलाच हवा ना? मग सोडियमचं आत जाणं दोन्ही मार्गांना लागतं आणि मोठा कॅटायन दोन्ही मार्ग बंद करतो. या प्रयोगावरून निवाडा कसा करायचा?

द्रावण ढवळून बघायचा विचार आहे. चांदी बाहेर येत असेल तर ती वाहून जाईल आणि पीक घटेल. पण पेस्टमध्ये, तेलाच्या थराखाली असलेल्या कणांतून सुटलेल्या चांदीला ढवळण्याचा फरक पडेल का?

शिवाय कॅलोमेल रेफरन्स इलेक्ट्रोडमधल्या क्लोराइडने चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन बसू नये म्हणून मध्ये पोटॅशियम नायट्रेटचा सॉल्ट ब्रिज (दोन द्रावणं जोडणारी नळी) लावलाय. आता शंका येतेय की त्यातून झिरपणारा पोटॅशियम झिओलाइटमध्ये शिरतो आणि "सपाट" आलेखातला तो बारीक उंचवटा त्यामुळेच येतो. ब्रिजमध्येही टेट्राब्युटिलअमोनियम नायट्रेट भरावं का?

आणि वाय झिओलाइटच्या सुमारे १.३ नॅनोमीटरच्या पोकळीत कॉम्प्लेक्स (धातूचा आयन आणि त्याला जोडलेले रेणू) तयार करून कुणी काम केलंय का? ०.७४ नॅनोमीटरच्या खिडकीतून तो बाहेर पडणार नाही, म्हणून हाच मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. फक्त कणांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटलेला कॉम्प्लेक्स सॉक्सलेटमध्ये (विद्रावकाने पुन्हा पुन्हा धुण्याचं उपकरण) धुऊन पूर्ण निघाला, हे तुम्ही कशावरून ठरवता?